बुटाची पिशवी आणि लंगोट : फुटबॉल सोडून कुस्तीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

गेल्या दोन वर्षांत पाच-सहा पोरं तरी माझ्याकडे येऊन गेली. प्रश्न एकच, "दादा, मीपण फुटबॉल सोडून कुस्ती करू का?" एक जण तर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून थेट आला होता, मोजे अजून गुडघ्यापर्यंत चढवलेले. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून आता लिहूनच काढतो. मी काही केसरी-बिसरी नाही. पण फुटबॉलवर दोन वर्षं पगार घेतला आणि आता कुस्तीवर इनाम घेतो. दोन्हीकडचा घाम आणि दोन्हीकडचा हिशेब मला ठाऊक आहे, एवढंच.

आधी माझं सांगतो. पेठेत वाढलो, त्यामुळे फुटबॉल निवडला असं म्हणण्यात अर्थ नाही, तो होताच. मी स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधे खेळणारा. उंची पाच फूट अकरा, वेग बेताचा, पण वरचा बॉल सोडायचा नाही आणि माणूस सोडायचा नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप आपल्या देशात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघातून खेळला. तेव्हा पेठेतल्या प्रत्येक आईला आपलं पोरगं पुढचा अनिकेत वाटायला लागलं. माझ्याही आईला. पुढच्या वर्षी मुंबईतल्या एका क्लबनं मला करारावर घेतलं. महिना बावीस हजार, चौघांत एक खोली, दोन वेळचं जेवण. दोन हंगाम खेळलो. शेवटचे पाच पगार आजतागायत आलेले नाहीत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, क्लबनं संघच बंद केला आणि मी दोन जोड बूट घेऊन घरी आलो. वय बावीस.

कुस्ती का, याचं उत्तर कोल्हापूरबाहेरच्या माणसाला देणं अवघड आहे. आपल्या फुटबॉल संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. मुंबईत आमचा गोलकीपर केरळचा होता. त्याला मी तालीम म्हणजे काय ते समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुम्ही कुस्तीच्या आखाड्यात फुटबॉल खेळता?" जवळजवळ तसंच आहे. पेठेपेठेत तालीम होती, तिथं पोरं गोळा व्हायची, आणि बॉल आला तो त्याच पोरांच्या पायात आला. आमच्या तालमीतला कुस्तीच्या मातीचा हौद माझ्या जन्माआधीच बुजवून वर फरशी घातली होती. कोनाड्यातला मारुती मात्र तसाच राहिला आणि त्याच्या शेजारी कपांचं काचेचं कपाट आलं. लहानपणी मॅचला जाताना आम्ही त्या मारुतीच्या पाया पडायचो, पण तो मुळात कुणासाठी बसवलाय हे कधी डोक्यात आलं नाही.

इथंच पहिली गफलत होते. जर्सीवर तालीम लिहिलंय म्हणून माती आपल्याला ओळखत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी दोन-तीन वर्षं लाल माती अंगाला लागली होती, तेवढ्या भांडवलावर मी एका तालमीत गेलो. वस्तादांनी मला लंगोटावर उभं केलं, खालून वर बघितलं आणि म्हणाले, "मांड्या बऱ्या हायत. मान कुठाय?"

मग एका पोराला हाक मारली. चौदा वर्षांचा, बावन्न किलोचा, नुकतीच मिसरूड फुटायला लागलेली. माझं वजन शहात्तर. मला वाटलं गंमत करतायत. पोरानं सलामी घेतली, मनगटाला हात लावला आणि पुढं काय झालं ते मला कळलं नाही. डोळ्यांसमोर छताचे पत्रे होते. त्या सकाळी त्यानं मला सात वेळा पाडलं. मी मोजत होतो, कारण तिसऱ्या वेळेनंतर आजूबाजूचे सगळेच मोजायला लागले होते. सातव्यांदा उठलो तेव्हा पोरगंच म्हणालं, "दादा, पाणी प्या जरा." मला त्याच्या चिडवण्यापेक्षा त्या 'दादा'चं जास्त लागलं.

तुम्ही येणार असाल तर हे आधी मनाशी पक्कं करा, की पहिलं वर्षभर तुम्हाला पोरं पाडणार. तालमीत वय वर्षांत मोजत नाहीत, माती लागल्यापासून मोजतात. ती पोरं आठव्या-नवव्या वर्षी हौदात उतरलेली असतात. ज्याला हे सहन होणार नाही त्यानं येऊ नये. माझ्या मागून आलेला एक चांगला स्ट्रायकर अकराव्या दिवशी गेला, तो ह्याच कारणानं. अंग दुखतंय म्हणाला, पण दुखत वेगळंच होतं.

आता अंगाचं बोलू. फुटबॉलरचं अंग कमरेखाली पैलवानाचं आणि कमरेवर कारकुनाचं असतं. मांडी, पोटरी, पार्श्वभाग तयार. मान बारीक, मनगट बारीक, खांदा बॉल उडवण्यापुरता. कुस्तीत जोडीदार, म्हणजे समोरचा पैलवान, पहिल्यांदा तुमची मान धरतो आणि खाली ओढतो. मान वाकली की पाठ वाकते, पाठ वाकली की पाय आपोआप त्याच्या हाताशी जातात. मग मांड्या कितीही भरलेल्या असोत, त्या तुमच्या कामाच्या राहत नाहीत. त्या चौदा वर्षांच्या पोरानं सातही वेळा हेच केलं होतं. मला ते कळायला तीन आठवडे लागले.

म्हणून पहिले चार महिने वस्तादांनी मला डाव म्हणून शिकवलाच नाही. पहाटे साडेचारला उठायचं. आधी खोऱ्यानं हौद उकरायचा. हे काम नव्या माणसाकडेच येतं आणि ते शिक्षा म्हणून देतात असं मला वाटायचं. महिनाभरानं कळलं की ओली माती कमरेत वाकून उकरण्यानं पंजा, मनगट आणि कंबर जेवढी तयार होते तेवढी जिममध्ये होत नाही. ह्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, काव असं काय काय घातलेलं असतं; तिचा वास पहिल्या आठवड्यात डोक्यात जातो आणि नंतर सुट्टीच्या दिवशी आठवतो. मग सपाटे (पैलवानी दंड), बैठका, दोरखंड. दोरखंड चढताना पाय लावायचे नाहीत. मी पहिल्या दिवशी छातीइतक्या उंचीवर लटकलो होतो आणि खाली उभी असलेली पोरं हलगीचा आवाज तोंडानं काढत होती. मानेसाठी पाठीवर झोपून डोकं आणि टाचा टेकवायच्या, कंबर उचलायची आणि तशीच धरायची. आधी हात टेकवून, मग हाताशिवाय. ही गोष्ट घाईनं करू नका आणि व्हिडिओ बघून तर अजिबात करू नका. मानेचं दुखणं गुडघ्यासारखं पट्टी बांधून भागत नाही.

दमाचा माज मला होता, तो दुसऱ्या दिवशी उतरला. फुटबॉलमध्ये मी नव्वद मिनिटांत नऊ-दहा किलोमीटर सहज पळायचो. हौदात दोन मिनिटांत तोंडाला फेस. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "तुझा दम पळायचा हाय. हितं पळतोस कुठं?" त्यांचं बरोबर होतं. पळताना पाय आवळतो-सुटतो, आवळतो-सुटतो, आणि मधे चालायलाही मिळतं. बॉल बाहेर गेला, थ्रो आहे, फ्रीकिक आहे, तेवढ्यात श्वास परत येतो. पकडीत स्नायू आवळलेलाच राहतो, रक्त नीट फिरत नाही, वरून नवखा माणूस भीतीनं श्वास कोंडून धरतो. मला कुणी हे सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो : जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा, तोंडानं आवाज झाला तरी चालेल. आणि संध्याकाळची धाव बंद करू नका. तो जुना दम वाया जात नाही. दोन लढतींच्या मधे मी बाकीच्यांपेक्षा लवकर सावरतो, ते त्या पळण्यामुळेच.

सगळ्यात अवघड गेलं ते पाठ न दाखवणं. स्टॉपरला सवय असते की फॉरवर्ड अंगावरून निघाला की वळायचं आणि गोलकडे पळायचं. दहा-बारा वर्षं हेच केलेलं. कुस्तीत वळलात की कब्जा गेला, मागून कंबर धरून तुम्हाला खाली घेतात. मला हे माहीत होतं, पाठ होतं, आणि तरी दर वेळी कुणी बगलेतून निसटला की माझं अंग आपसूक वळायचं. वस्ताद काठी घेऊन उभे राहायचे आणि वळलो की पिंढरीवर एक बसायची. मोडायला आठ महिने लागले. फुटबॉलमध्ये अंगाला अंग लागलं की शिट्टी वाजते, म्हणून आपण धक्का मारून सुटतो. इथं सुटायचं नसतं, आणखी जवळ जायचं असतं. जोडीदाराच्या छातीला छाती लागली की उलट आपण सुरक्षित असतो, हे अंगाला पटायला फार वेळ लागतो.

मग फुटबॉलचं काय कामाला आलं? एक तर एका पायावर उभं राहणं. हे मी पुढं पहिल्या कुस्ती-मैदानाच्या गोष्टीत सांगतोच. दुसरं, नजर. चांगला बचावपटू फॉरवर्डच्या पायांच्या नखऱ्याकडे बघत नाही, कमरेकडे बघतो, कारण पाय फसवतात, कंबर फसवत नाही. कुस्तीतही तेच. समोरचा हातानं डोळ्यांपुढं कितीही खेळला तरी पट काढायच्या, म्हणजे आपला पाय धरून ओढायच्या, आधी त्याची कंबर खाली जाते. ती मला दिसते. तिसरं म्हणजे टांग. बाहेरून टाच अडकवून माणूस टाकायचा, तर आपला पाय त्याच्या पायाला कुठं आणि कधी लागला पाहिजे याचं भान लागतं, आणि ते भान टॅकल घालून घालून आलेलं असतं. वस्तादांनी पहिल्यांदा मला शाबासकी दिली ती टांगेला. अर्थात लगेच म्हणाले, "फौल न्हाई ना रं हितं?"

आता थोडं दुखण्या-खुपण्याचं. कान. पैलवानाचे फुटके कान बघून आपल्याला भारी वाटतं. प्रत्यक्षात कानाला मार बसून आत रक्त साकळतं, ते वेळेत डॉक्टरकडून काढून दाबपट्टी बांधली नाही तर तिथंच घट्ट होतं आणि कान कोबीच्या गड्ड्यासारखा कायमचा वेडावाकडा होतो. माझा डावा कान असाच गेला. चूक माझीच. चार दिवस मी तो आरशात कौतुकानं बघत होतो. कातडीचं असं की गजकर्ण तालमीत फिरत असतं. लंगोट रोज धुवा, दुसऱ्याचा टॉवेल घेऊ नका, चट्टा दिसला तर लढत बंद. लाज वाटून लपवलात तर अख्खी तालीम खाजवत बसते. आणि गुडघ्याची लिगामेंट फुटबॉलमध्ये गेलेली असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरला विचारून या. कुस्ती गुडघा पिळते.

खुराक हा विषय आला की सगळ्यांचे डोळे चमकतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळतं, तो ग्लास उभ्यानं लावायचा, मग घरी बदाम-खसखशीची थंडाई, चपातीवर तूप. ऐकायला छान. आता हिशेब ऐका. दिवसाला दोन लिटर दूध, शंभर ग्रॅम बदाम, महिन्याला दीड किलो तूप, अंडी, फळं, आठवड्यातून दोन-तीनदा मटण किंवा चिकन. माझा महिना पंधरा हजारांच्या खाली कधी गेला नाही. क्लब जेवण देतो, हौद देत नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. ते जाऊ शकावेत म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं होतं. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. मी ती आता जरा वेगळी ऐकतो : एवढ्या मोठ्या मल्लामागेसुद्धा कुणाचं तरी घर गहाण होतं.

उत्पन्नाचं खरं सांगतो. यात्रा-उरुसांतली कुस्तीची मैदानं साधारण दिवाळीनंतर सुरू होतात आणि मेपर्यंत चालतात. माझ्या सगळ्यात चांगल्या हंगामात मी एकतीस कुस्त्या केल्या. सतरा मारल्या, आठ बरोबरीत सुटल्या, सहा हरलो. दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंतची इनामं मिळून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास जमले. वर्षाचा खुराक त्याहून जास्त. फरक कसा भरतो? काही साखर कारखाने स्पर्धा घेऊन मल्ल निवडतात आणि त्यांना महिन्याला मानधन देतात. मी दुसऱ्या प्रयत्नात निवडलो गेलो. शिवाय संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल संघाचा व्यायाम घेतो. घरचं दुकान आहे, भाऊ बघतो. ज्याच्यामागे भाऊ नाही त्यानं दोनदा विचार करावा.

नोकरीच्या आशेनं येत असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं प्रावीण्य लागतं आणि क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्र पडताळून घ्यावं लागतं. गावच्या यात्रेत तुम्ही कितीही मोठ्या पैलवानाला आस्मान दाखवलंत तरी त्याचा कागद होत नाही. कागद मॅटवर, म्हणजे गादीवरच्या कुस्तीत मिळतो. ह्याच न्यायानं, तुमच्याकडं फुटबॉलचं राज्य किंवा राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र असेल तर ते जपा, रागाच्या भरात फाईल माळ्यावर टाकू नका. मी टाकली होती. उंदरांनी कोपरे खाल्ले, नशिबानं शिक्का वाचला.

मॅट हा वेगळाच खेळ आहे. मातीत पाठ टेकली तरच निकाल, म्हणून दमलेला पैलवान पालथा पडून घट्ट राहतो आणि वेळ काढतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मधे तीस सेकंद, आणि प्रत्येक गोष्टीला गुण. पहिल्या जिल्हा स्पर्धेत मी सवयीनं पालथा पडलो. जोडीदारानं कमरेला विळखा घालून भारंदाज, म्हणजे तसंच धरून लोळवायचा डाव, मारायला सुरुवात केली. पटाचे दोन गुण, मग चार भारंदाज, प्रत्येकाला दोन. दहा-शून्य, कुस्ती संपली. मिनिटसुद्धा झालं नव्हतं. आई गॅलरीत बसली होती, ती डबा उघडत होती, तिनं वर बघितलं तोवर मी खाली उतरलो होतो. खुद्द खाशाबांनाही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवी होती आणि ते सहावे आले होते, हे वस्तादांनी त्या रात्री मला तीनदा सांगितलं. तेवढ्यानं काही बरं वाटलं नाही. पण मॅटवर फुटबॉलरला एक फायदा आहे, तो घ्या. जोडीदाराला वर्तुळाबाहेर ढकललं तर एक गुण मिळतो. आपण टचलाइनशेजारी आयुष्य काढलेलं असतं, मागं न बघता रेघ कुठं आहे ते आपल्याला कळतं. मातीतल्या पैलवानाला कळत नाही. माझे निम्मे गुण रेघेवर मिळालेले आहेत.

वजनाबद्दल सावध राहा. मी शहात्तरवरून ८६ किलो गटात गेलो, त्याला सव्वा वर्ष लागलं. ते खाऊन आणि मेहनतीनं झालं. उलटा प्रकार जास्त चालतो. स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणी तोडून, घोंगडी पांघरून घाम काढून खालच्या गटात बसायचं. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतरानं असं वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. आपल्याकडं अजून ह्याला जिद्द म्हणतात. इंजेक्शनांचंही तसंच. कुणीतरी "ताकदीची पावडर" म्हणून डबा देईल, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसेल. उत्तेजक चाचणीत सापडलात तर तुमच्या अंगात जे सापडलं त्याला तुम्हीच जबाबदार, मित्राचं नाव सांगून सुटका नाही.

एक गमतीचा विषय. काही पोरं विचारतात ते टीव्हीवरच्या रेसलिंगबद्दल. टिम व्हीजा म्हणून जर्मनीचा गोलकीपर होता, वेर्डर ब्रेमेनकडून खेळायचा, देशाकडूनही सहा सामने खेळला. फुटबॉल सुटल्यावर त्यानं अंग फुगवलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये म्यूनिकला डब्ल्यूडब्ल्यूईच्या कार्यक्रमात तिघांविरुद्ध तिघांच्या लढतीत उतरला. त्याचा फोटो दाखवून मला विचारतात, "असं करता येईल का?" तिथं निकाल आधी ठरलेला असतो. प्रेक्षकाला ते ठाऊक असतं, आणि उंचावरून पडणं ही तिथली खरी कला आहे, ती शिकायला वर्षं लागतात. त्यात कमीपणा नाही. आपल्या मैदानात मात्र निकाल ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि पब्लिकच्या ते लक्षात आलं तर पैलवान गावातून जेवून जात नाही. मलाही एकदा एका एजंटनं विचारलं होतं. मी नाही म्हणालो, त्यात माझं चारित्र्य वगैरे काही नाही. वस्तादांना कळलं असतं तर तालीम सुटली असती, ही भीती.

आता पहिलं मैदान. लॉकडाऊनमुळे दोन वर्षं यात्रा बंद होत्या, म्हणून तालमीत घुसल्यापासून मला थेट २०२२ च्या उन्हाळ्यात माती मिळाली. करवीर तालुक्यातलं एक गाव. नोंदणी दुपारी. मोठ्या कुस्त्या आधी ठरलेल्या असतात, छोट्या तिथंच जोडतात. कमिटीचा माणूस दोघांना शेजारी उभं करतो, दंड बघतो, खांद्याला खांदा लावतो, मग दोघांचे हात धरून वर करतो आणि मैदानाला फेरी मारतो. त्या फेरीत पब्लिक न्याय करतं. "वजनात फरक हाय!" "जोड बरोबर हाय, लावा!" माझ्या वेळी एक म्हातारा ओरडला, "ह्यो तर फुटबॉलवाला!" कुठून ओळखलं कुणास ठाऊक. पिंढऱ्यांवरून असेल.

इनाम पाचशे. हलगी घुमायला लागली. स्टेडियमवर मी हजारोंपुढं खेळलो होतो, पण तिथं आवाज सगळ्या अकरांत वाटला जातो. इथं तो सगळा माझ्या एकट्याच्या कानात. खडाखडीत, म्हणजे उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेण्यात, दोन मिनिटं गेली. मग त्यानं डोळ्यांपुढं हात मारला, माझं लक्ष वर गेलं आणि माझा उजवा पाय त्याच्या बगलेत. एकेरी पट. तालमीतला पैलवान अशा वेळी बसतो किंवा मान दाबून पाय सोडवतो. मला दोन्ही सुचलं नाही. मी डाव्या पायावर उड्या मारत राहिलो. तो ओढतोय, फिरवतोय, मी त्याच्याबरोबर फिरतोय, एका पायावर, अख्ख्या मैदानाला फेरी झाली असेल. लोक हसायला लागले. पण मी पडेना. वरचा बॉल छातीवर घेताना मागून धक्का खाऊन एका पायावर उतरायची सवय ज्याला आहे, त्याला हे नवं नाही. तो दमला. त्याची पकड गुडघ्याखाली घसरली तशी मी मान दाबली, पाय काढला, आणि तो सरळ होतोय तोवर बाहेरून टांग लावली. दोघंही पडलो. वर कोण आहे ते मला पंचांनी पाठीवर थाप मारली तेव्हा कळलं.

पाचशेची नोट आणि एक फेटा मिळाला. परतीच्या गाडीत वस्ताद काहीच बोलले नाहीत. रंकाळा आला तेव्हा म्हणाले, "पाय दिलाच का त्याला?"

यायचंच असेल तर कधी यायचं ते सांगतो. आपल्याकडचा फुटबॉल हंगाम आणि यात्रांचा हंगाम जवळजवळ एकाच महिन्यांत येतो, त्यामुळे दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही. मी सहा महिने ठेवून बघितला. जूनमध्ये या. पावसात मैदानं बंद असतात, मोठे पैलवान घरी शेतीला गेलेले असतात, वस्तादांना वेळ असतो आणि तुम्ही पडताना बघायला माणसं कमी असतात. येताना दोन लंगोट शिवून आणा, तयार मिळतात ते फुटबॉलरच्या मांडीला पुरत नाहीत. एक नारळ, एक हार, मारुतीला. वस्तादांना फीबद्दल पहिल्या दिवशी विचारू नका, ते स्वतः सांगतील. बूट घरी ठेवा. मी माझे पहिल्या दिवशी सवयीनं पिशवीतून घेऊन गेलो होतो, आणि ते चौदा वर्षांचं पोरगं आता वीसच्या घरात आलंय तरी मला भेटलं की पिशवीकडे बघतं.